माझ्या काल्पनिक जगात माणसं आणि वेगवेगळ्या जातींचे व्हँपायर शेजारी-शेजारी राहतात. हे वाचकाला पटेल असं कसं लिहू?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमच्या जगात व्हँपायरच्या चार जाती आहेत, शंभर वर्षांपूर्वी त्यांचा माणसांशी तह झालाय, आणि तरीही ज्यांना वाचायला दिलं ते म्हणतात, "काहीतरी खोटं वाटतंय." मी ठाण्यात एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, बारा वर्षं झाली, आणि रात्रपाळी नसते तेव्हा अद्भुतकथा लिहिते. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून जवळचा आहे. जरा सविस्तर सांगते.

तह सध्या बाजूला ठेवा. आधी ठरवा की तुमच्या व्हँपायरला रक्त लागतं किती, आणि किती दिवसांनी.

माझ्या पहिल्या कथेतही तहच होता. दोन राजे, मशाली, रक्ताने केलेल्या सह्या. आईने ती दुपारी भाजी निवडता निवडता वाचली आणि विचारलं, "अगं, पण त्यांना रोज लागतं किती?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन फ्रिज उघडला, कुठल्या गटाच्या किती पिशव्या उरल्यात ते नेहमीसारखं फळ्यावर लिहिलं, आणि तिथेच कथेचा हिशोब मांडायला घेतला.

तो असा. धडधाकट माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. आम्ही एका वेळी ३५० मिलिलिटर घेतो, वजन बऱ्यापैकी असेल तर ४५०. त्यानंतर पुरुषाला तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. वय १८ ते ६५ च्या मधलं हवं, आणि हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असेल तर कितीही आग्रह केला तरी आम्ही परत पाठवतो. आता समजा तुमच्या व्हँपायरला रोज एक पिशवी लागते. वर्षाच्या झाल्या ३६५. एक पुरुष वर्षाला चार देणार, एक बाई तीन. म्हणजे एका व्हँपायरमागे नव्वदच्या वर पुरुष किंवा सव्वाशेच्या आसपास बायका, सगळे निरोगी, सगळे न चुकता तारखेला हजर. त्यात मुलं, म्हातारी माणसं, गरोदर आणि बाळंत झालेल्या बायका, इन्सुलिन घेणारे, हे कोणी मोजायचे नाहीत. आमच्या घोडबंदर रोडला अठ्ठावीस मजल्यांचा टॉवर घ्या, मजल्यावर चार घरं. एकशे बारा घरं झाली. एवढ्या टॉवरला एक व्हँपायर परवडेल, फार ओढूनताणून दोन.

आता त्याची भूक आठवड्याला एका पिशवीवर आणा. वर्षाच्या ५२ पिशव्या. तेरा पुरुष किंवा सतरा-अठरा बायका पुरल्या. ही चाळ झाली. इथे प्रत्येकाला माहीत असतं की या बुधवारी रक्त द्यायची पाळी कोणाची, कोणाला ताप आहे म्हणून कोणी बदली दिलीय, आणि कोण नेमकं त्याच दिवशी गावाला जातं. भूक वर्षाला एका पिशवीवर आणलीत तर एक माणूसही पुरतो, आणि मग तो सरळ घरोबाच होतो. त्याला लग्नाची पत्रिका जाते, तो तुमच्या आजोबांचं लहानपण सांगतो, आणि आजोबा गेल्यावर त्यांची जागा कोणी घ्यायची यावरून भावाभावांत अबोला होतो. बघा, फक्त आकडा बदलला तर एकदा शहर झालं, एकदा चाळ, एकदा कुटुंब. तुमच्या चार जाती दात, पंख आणि डोळ्यांच्या रंगावरून वेगळ्या करू नका. त्यांची भूक वेगळी करा.

आणि फक्त किती एवढंच नको, काय लागतं तेही वेगळं असू द्या. दवाखान्यात नातेवाईक अजूनही "दोन बाटल्या रक्त" म्हणतात, पण बाटल्या कधीच्या गेल्या, आणि आख्खं रक्तही आता क्वचितच चढवतात. पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवून बाहेर काढली की तिच्यात थर दिसतात. खाली काळपट लाल पेशी, वर गव्हाळ पिवळा प्लाझ्मा, आणि दोघांच्या मधे सायीच्या पापुद्र्याएवढी पांढुरकी रेघ. मी हे हजारो वेळा पाहिलं असेल, तरी पिशवी उजेडात धरली की क्षणभर हात थांबतो. यातून तीन गोष्टी वेगळ्या निघतात आणि तिघींचं आयुष्य वेगळं. लाल पेशी २ ते ६ अंशांत ठेवल्या तर पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा उणे ३० अंशांखाली गोठवला तर वर्षभर. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त वाहायचं थांबवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, मात्र फ्रिजमध्ये ठेवायच्याच नाहीत. २० ते २४ अंशांत, सतत हलणाऱ्या तबकावर, आणि पाच दिवसांत संपवायच्या.

यातून तीन जाती करून बघा. प्लाझ्मावर जगणारा वर्षाचं धान्य भरून ठेवणाऱ्या घरासारखा. त्याला घाई नाही, तो प्रवास करू शकतो, भाव चढेपर्यंत थांबू शकतो, उधारी देऊ शकतो. लाल पेशींवर जगणारा महिन्याच्या पगारावर चालणारा. आणि प्लेटलेट्सवाला हातावर पोट असलेला. पाच दिवसांपलीकडचं त्याला काही साठवता येत नाही, म्हणून तो शहर सोडूच शकत नाही. तिघांच्या स्वभावात फरक का आहे, ते तुम्हाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. शिवाय एकाच पिशवीवर तिघं जगतात, म्हणजे त्यांना एकमेकांशी जमवून घ्यावंच लागेल.

निसर्गातही असंच आहे. रक्तावर जगणारी वटवाघळं मध्य आणि दक्षिण अमेरिकेत आहेत, फक्त तीन जाती. त्यातली एक मुख्यतः गुरांसारख्या सस्तन प्राण्यांचं रक्त पिते, उरलेल्या दोघी मुख्यतः पक्ष्यांचं. गुरांवर जगणाऱ्या जातीत दोन-तीन रात्री उपास घडला की मरण येतं, म्हणून पोट भरलेली वटवाघळं उपाशी सोबतिणीला आपल्या पोटातलं रक्त उलटून भरवतात. तुमच्या व्हँपायरांमध्ये आपसात अशी काही रीत आहे का? मला तुमच्या वर्णनात ती कुठे दिसली नाही, आणि ती हवी असं मनापासून वाटतं.

आता कॅलेंडर. तुमच्या जगात सगळे दिवस सारखे असतील तर ते जग कागदावरच राहील. आमच्याकडे मे महिना वाईट. कॉलेजं बंद, निम्मं ठाणं कोकणात नाहीतर घाटावर गेलेलं, रक्तदानाचे कॅम्प होत नाहीत, फळ्यावरचे आकडे रोज खाली येतात. शस्त्रक्रिया काही सुट्टीवर जात नाहीत. मग पावसाळा आला की डेंग्यू येतो आणि सगळ्यांना एकदम प्लेटलेट्स हव्या असतात. रात्री दोन वाजता काउंटरच्या काचेपलीकडे चिठ्ठी घेऊन उभा असलेला बाप मी पाहिलाय, आणि तबकावर शेवटच्या दोन पिशव्या हलत होत्या. त्या रात्री तुमचा प्लेटलेट्सवाला व्हँपायर त्याच रांगेत त्या बापाच्या मागे उभा आहे असं लिहा. दोघंही खरे गरजू, दोघंही कायद्याने रांगेत. तुमच्या शंभर वर्षांच्या तहाची खरी परीक्षा या प्रसंगात आहे. युद्धाच्या प्रसंगापेक्षा मी आधी हाच लिहीन.

एक जात तुम्ही ठेवाच असा माझा हट्ट आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट शोधला, त्याला बॉम्बे ब्लड ग्रुपच म्हणतात. साध्या तपासणीत हा माणूस ओ गटाचा दिसतो, पण क्रॉसमॅचला, म्हणजे देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त जुळतं का ते बघायला, लावलं की ओ गटाची एकही पिशवी जुळत नाही. ओ गटात असणारा एच नावाचा घटकही त्याच्या पेशींवर नसतो. त्याला फक्त त्याच्यासारख्याच माणसाचं रक्त चालतं, आणि आपल्याकडे असा माणूस साधारण दहा हजारांत एक. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची वस्ती १८ लाखांच्या वर होती, म्हणजे आख्ख्या शहरात अशी सुमारे १८० माणसं. मरण्याआधी ज्याचा हा गट होता असा व्हँपायर कल्पना करा. भोवती लाखो माणसं, आणि त्याच्या उपयोगाची १८०. त्यातली कितीतरी मुलं आणि म्हातारी. तो कोणावर हल्ला कसा करेल? उलट ही माणसं रस्ता ओलांडताना त्याचाच जीव खालीवर होईल.

आपल्याकडची भुतंही जरा तपासा, नुसती नावं उचलू नका. वेताळ रक्त पीत नाही, तो मढ्यात शिरतो. म्हणजे त्याची गरज स्मशानाशी जोडलेली, त्याचा रक्तपेढीशी संबंध नाही. तो इतरांचा स्पर्धक नाही, म्हणून भांडणात मध्यस्थ म्हणून शोभेल. अळवंतीण वेगळी. बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होते असं आजी सांगायची. बाळंतपणात बायका कशाने जातात ते मला कामामुळे ठाऊक आहे. फार मोठ्या संख्येने रक्तस्राव होऊन जातात, वेळेवर रक्त न मिळाल्याने. अशी बाई परत आली आणि रक्त मागू लागली तर तिला राक्षसीण का म्हणायचं? जे तिला त्या रात्री मिळायला हवं होतं तेच ती मागतेय. तुमच्या चार जातींमध्ये एक जात अशी असेल तर कृपा करून तिला खलनायिका करू नका.

पैशाचं एकदाच बोलते. तुमच्या जगात रक्त विकता येतं का, हे ठरवा. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. त्याआधी धंदेवाईक रक्तदाते असायचे, पुन्हा पुन्हा देऊन पांढरे पडलेले. तुम्ही विक्रीला परवानगी दिलीत तर दहा वर्षांत तुमच्या शहराच्या गरीब वस्तीत सगळ्यांचं हिमोग्लोबिन आठावर आलेलं असेल, आणि ते रक्त पिणारा व्हँपायरही अशक्तच राहील.

तहाऐवजी काय, असं तुम्ही विचाराल. रीतभात. आजीचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. तिथे आरवलीला वेतोबाचं, म्हणजे वेताळाचंच, देऊळ आहे. त्याला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात, कारण रात्री तो गावाच्या राखणीला फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा. लहानपणी मी त्या झिजलेल्या चपलेच्या टाचेवर बोट फिरवून पाहिलं होतं. ज्याची भीती वाटावी त्याला गावाने चपला दिल्या, काम दिलं, आणि घरच्यासारखं त्याच्याशी बोलायला लागले. तह कुठे लिहिलेला नाही. ठाण्याच्या येऊरलाही तसंच. जंगलाच्या कडेला राहणारी माणसं तिन्हीसांजेनंतर लहान मुलाला एकटं सोडत नाहीत, कचरा साठू देत नाहीत, कारण कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. वाघोबाला हात जोडतात आणि कामाला लागतात. तुमच्या शहरात पाहुण्या व्हँपायरने दारात काय काढून ठेवायचं? रक्त देऊन आलेल्या माणसाला सोसायटीत चहा कोण पाजतं? अशा दहा रीती सापडल्या की तह एका ओळीत उरकला तरी चालेल.

शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे थॅलेसेमियाची मुलं येतात. त्यांच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून दर दोन-चार आठवड्यांनी दुसऱ्याच्या लाल पेशी चढवाव्या लागतात, वर्षानुवर्षं. प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह अंगात जातं, ते शरीराला आपणहून बाहेर टाकता येत नाही, त्यासाठी रोज औषध. (तुमचे व्हँपायर या लोहाचं काय करतात, तेही लिहा.) या मुलांना मी तुमच्या कथेतल्या कोणाच्या रांगेत बसवत नाहीये. पण दुसऱ्याच्या रक्तावर जगणं आतून कसं असतं ते मला त्यांच्याकडूनच थोडंफार कळलं. त्यातली एक नऊ वर्षांची मुलगी दर वेळी विचारते, "आज कोणाचं?" नाव सांगायची परवानगी नसते, ते तिला माहीत आहे, तरी विचारते. मग पिशवीवरचा नंबर वहीत उतरवून घेते, तारखेसकट, ठळक अक्षरात. लिहायला यायला लागल्यापासून एकही चुकवलेला नाही. पन्नासच्या वर नंबर झालेत.

तुमच्या जगात पिणाऱ्याला देणाऱ्याचं नाव कळतं की नुसता नंबर? हे ठरवून मग पहिलं प्रकरण पुन्हा लिहा, आणि जमलं तर मला वाचायला पाठवा.