अमेरिकेत रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट सोडून तिसरा पक्ष का निवडून येत नाही? लोकांना नको असतो का?

नको असतो असं अजिबात नाही, अडचण सिस्टीममध्ये आहे. १९९२ चं बघा. रॉस पेरो नावाचा टेक्सासचा उद्योगपती राष्ट्राध्यक्षपदासाठी अपक्ष उभा राहिला, स्वतःच्या पैशाने टीव्हीवर अर्ध्या-अर्ध्या तासाचे स्लॉट विकत घेऊन हातात तक्ते धरून लोकांना देशावरचं कर्ज समजावून सांगायचा, आणि लोकांनी ऐकलं पण, जवळपास १९ टक्के मतं म्हणजे दोन कोटींच्या आसपास माणसं त्याच्या मागे होती. इलेक्टोरल मतं, म्हणजे प्रत्येक राज्याला वाटून दिलेली आणि राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्षात ठरवणारी मतं, किती मिळाली? शून्य. कारण बहुतेक राज्यांत जो पहिला येतो तो त्या राज्याची सगळीच्या सगळी इलेक्टोरल मतं घेऊन जातो, दुसऱ्या-तिसऱ्याला काहीच नाही. मेन नावाच्या राज्यात तर पेरो खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या पुढे दुसरा आला होता, तरी हातात भोपळाच.

त्यात मत फुटायची भीती. २००० साली फ्लोरिडात रिपब्लिकन धाकटे बुश (१९९२ च्या बुश यांचा मुलगा) डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांच्यावर फक्त ५३७ मतांनी जिंकले आणि तिथेच ग्रीन पार्टी या छोट्या पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं होती, नेडर नसते तर त्यातली बरीच गोर यांना गेली असती असं अनेकांना वाटतं, तेव्हापासून डेमोक्रॅट मतदार तिसऱ्याला मत द्यायचं म्हटलं की दहादा विचार करतो. शिवाय मतपत्रिकेवर नाव यायलाच प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, सह्या गोळा करता करता छोट्या पक्षाचे पैसे आणि माणसं दोन्ही संपतात, माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे.

मेन आणि अलास्काने आता पसंतीक्रमाने मतदान सुरू केलंय, म्हणजे मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी पसंती देतो आणि पहिल्या पसंतीचा बाद झाला तर मत पुढच्या पसंतीला जातं, तिथे मत वाया जायची भीती बरीच कमी होते.