पिवळं कार्ड मिळालं, आता डेंग्यूचीही काळजी मिटली?

प्रश्न: कामासाठी आफ्रिकेत जायचंय म्हणून यलो फीवरची लस घेतली, ते पिवळं कार्डपण मिळालं. आमचे मिस्टर म्हणतात, डेंग्यू, झिका सगळे त्याच खानदानातले व्हायरस, डाससुद्धा तोच, मग एका इंजेक्शनमध्ये सगळ्यांचा बंदोबस्त झाला असेल. खरंच असं असतं का? आणि चिकुनगुनियाचं काय?

उत्तर: मिस्टरांची माहिती बरोबर आहे हो, हिशोब तेवढा चुकलाय. यलो फीवर, डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल हे सगळे फ्लेविव्हायरस, म्हणजे चुलत भावंडंच. पण लस एका भावाची घेतली की बाकीचे दारातूनच परत जातात असं काही होत नाही. तुमची लस फक्त यलो फीवरची, आणि त्या कामात मात्र ती एकदम पक्की आहे, १९३७ मध्ये मॅक्स थीलर यांनी तयार केलेला तो १७डी नावाचा कमजोर केलेला व्हायरस आजही तोच वापरतात, आणि एक डोस बहुतेकांना जन्मभर पुरतो. कार्ड मात्र इंजेक्शननंतर दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा तिकीट त्या हिशोबाने काढा.

आता भावंडं इतकी सारखी असून फायदा का नाही? आपल्या अँटीबॉडी व्हायरसचं वरचं आवरण ओळखतात. चेहरेपट्टी मिळतीजुळती असल्यामुळे यलो फीवरच्या अँटीबॉडी डेंग्यूला जाऊन चिकटतातही, पण नुसतं चिकटणं वेगळं आणि त्याला निकामी करणं वेगळं. डेंग्यूचं तर घरातल्या घरातच पटत नाही, त्याचे चार प्रकार, एक होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण, बाकी तिघांपासून फार तर काही महिने. उलट दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा डेंग्यू झाला तर तो जास्त गंभीर होण्याची भीती असते, कारण जुन्या अँटीबॉडी नव्या व्हायरसला धड मारत नाहीत, नुसत्या धरून ठेवतात, आणि आपल्याच पांढऱ्या पेशी ती अँटीबॉडी बघून व्हायरससकट सगळं आत ओढून घेतात. त्याला काय, आयतीच सोय, आत बसून पिल्लावळ वाढवतो.

यातला सगळ्यात भारी नमुना म्हणजे डेंगवॅक्सिया ही डेंग्यूची लस. ती बनवली १७डीवरच, आतली मशिनरी यलो फीवरची आणि वरचं आवरण डेंग्यूचं. तरी तिच्या भरवशावर कोणी यलो फीवरचं कार्ड देत नाही, कारण अँटीबॉडी बघतात ते आवरण. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून ती आठ लाखांहून जास्त मुलांना दिली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेलाच नाही त्यांना लसीनंतर डेंग्यू झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. म्हणजे लसच पहिल्या डेंग्यूसारखी वागली. मला विचाराल तर "सारखेच तर आहेत" या वाक्याची भीती वाटायला एवढं एक उदाहरण बास आहे.

थोडंफार संरक्षण मिळतच नाही असंही नाही, हॅमस्टरवरच्या प्रयोगात आधी दुसरा फ्लेविव्हायरस दिलेल्यांना वेस्ट नाइल कमी त्रासदायक गेला. पण हॅमस्टरला विमानाने प्रवास करायचा नसतो, तुम्हाला करायचाय.

चिकुनगुनिया तर या खानदानातलाच नाही, तो अल्फाव्हायरस. डास तेवढा कॉमन, एडिस, दिवसा चावणारा, त्यामुळे मच्छरदाणी रात्रीपुरती लावून भागत नाही, दिवसासुद्धा क्रीम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. झिकावर अजून लस नाही.

आणि एक, जे बहुतेक लोक सांगायलाच विसरतात. तिकडे किंवा परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना यलो फीवरची लस घेतल्याचं तारखेसकट सांगा. त्या चिकटणाऱ्या अँटीबॉडीमुळे डेंग्यूची किंवा झिकाची अँटीबॉडी टेस्ट उगाच पॉझिटिव्ह दाखवू शकते. पहिल्या काही दिवसांत एनएस१ किंवा पीसीआर केली तर ती थेट व्हायरस शोधते, तिथे घोळ कमी होतो. तोवर पॅरासिटामॉलच घ्या, अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको, डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पिवळ्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवलात तर तारीख आठवत बसायला नको.