फ्रेंच फर्डा येतं म्हणून मैत्रिणीला बूथमध्ये बसवू का?

प्रश्न : ताई, मी मूळची फोंड्याची, सध्या पॅरिसला पीएचडी करतेय. विषय गोव्यातली गावकारी, गावची जमीन सांभाळणारी संस्था, म्हणजे पोर्तुगीज कागदात जिला कोमुनिदाद म्हणतात ती. मे महिन्यात आमचा दोन दिवसांचा सेमिनार आहे, लिस्बनहून दोन प्रोफेसर येणार, ते पोर्तुगीजमध्येच बोलणार आणि ऐकणारे बहुतेक फ्रेंच. बजेट तुटपुंजं. माझी एक ब्राझिलियन मैत्रीण फ्रेंच फर्डा बोलते, तिच्यावरच सोपवू का? नाहीतर दुभाषी शोधायचे कुठे?

उत्तर : मैत्रिणीला जेवायला बोलाव गं, बूथमध्ये, म्हणजे दुभाष्यांच्या त्या बंद केबिनमध्ये, नको बसवूस. दोन भाषा येणं वेगळं आणि एक कानात चालू असताना दुसरी तोंडातून काढणं वेगळं, त्यात मुरलेली माणसंसुद्धा वीस-तीस मिनिटांत थकतात, म्हणून तर बूथमध्ये दोघं असतात आणि आलटून पालटून बोलतात.

त्यात तुझा विषय असला! मी एकदा अशाच एका परिषदेत हेडफोन लावून बसले होते. वक्ता बार्देशच्या 'कोन्सेल्यु'बद्दल बोलत होता, म्हणजे तालुका, हा सी घालून लिहितात. एस घातला की तोच शब्द परिषद किंवा सल्ला होतो, उच्चारात फरक शून्य. दुभाष्याने फ्रेंचमध्ये परिषद करून टाकलं आणि आम्ही बराच वेळ बार्देशातल्या कुठल्यातरी समितीच्या हद्दीत किती गावं येतात ते ऐकत बसलो. दोष त्या बिचाऱ्याचा नाही, पेपर त्याला आधी कुणी दिलाच नव्हता. कोमुनिदादचंही तेच, फ्रेंचमध्ये 'कोम्युनोते' म्हटलं की लोकांच्या डोक्यात समाज येतो, गावची जमीन सांभाळणारी गावकारांची संस्था येत नाही. आणि कुणी मोझांबिकवर बोललं तर 'इंदिजेनातु'. पोर्तुगीजांकडे तो १९६१ पर्यंत तिथल्या लोकांचा कायद्यातला दर्जा होता, फ्रेंचांचा तसाच ऐकू येणारा शब्द म्हटला की आधी आठवतात कोर्टात न नेता दिलेल्या शिक्षा, ज्या १९४६ ला बंद झाल्या.

आता शोधायचं कुठे. एआयआयसी ही कॉन्फरन्स दुभाष्यांची संघटना, १९५३ साली पॅरिसलाच सुरू झालेली, तिच्या डिरेक्टरीत भाषा आणि शहर टाकून बघ. शहर पॅरिसच टाक, प्रवास-हॉटेल वाचतं. नावापुढे ए, बी, सी दिसेल : ए म्हणजे मातृभाषा, बी म्हणजे त्या भाषेत बोलूनही देतात, सी म्हणजे नुसती ऐकून समजते. भाषणांपुरतं फ्रेंच ए, पोर्तुगीज सी भागेल. पण प्रश्नोत्तरांचं काय? प्रोफेसरांना फ्रेंच कळत नसेल तर जोडीत एकाची तरी पोर्तुगीज ए किंवा बी हवीच, हे लोक हमखास विसरतात. सोर्बोन नूव्हेलच्या एसित या दुभाष्यांच्या शाळेतही विचार, नुकते पास झालेले कुणी मिळतात का ते.

बूथचं भाडं झेपत नसेल तर 'बिदुल' मागव, टूर गाइड वापरतात तसला छोटा माइक आणि रिसीव्हर. आवाज तेवढा स्वच्छ येत नाही, पण लहान खोलीत चालतं. थांबून थांबून सांगणं नको, वेळ दुप्पट जातो.

शब्दांची यादी मात्र तूच कर, गावकार, जोण (गावकाराचा नफ्यातला वाटा), फोरू (जमिनीचा खंड) सगळं एकेका ओळीत समजावून. आणि प्रोफेसरांच्या पेपरमागे आत्तापासून लाग, ते आदल्या रात्रीच पाठवतात. मैत्रिणीला काही काम द्यायचंच असेल तर त्यांना आणायला एअरपोर्टवर पाठव.