मुंबईत सोसायटीतल्या पपईवर पांढरा पिठ्या ढेकूण पडलाय. औषध न मारता मित्रकीटकांनी जाईल का?

हो, जाईल, पण आधी फवारणी थांबवा. हा पिठ्या मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. २००८ मध्ये कोइमतूरला सापडला, तेव्हा त्याचा खास शत्रू इथे नव्हता. म्हणून २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून 'असेरोफॅगस पपाये' ही इवलीशी गांधीलमाशी आणून सोडली. ती पिठ्याच्या अंगातच अंडी घालते. अळी त्याला आतून खाऊन टाकते. पानामागे भोक पडलेली, सुकलेली कवचं दिसली तर ती पानं कृपया तोडू नका, तिथे माशीचं काम चालू आहे. मुंग्यांचा मात्र बंदोबस्त कराच. चिकट गोड स्रावापायी त्या पिठ्याची राखण करतात. बाल्कनीतल्या जास्वंदीवर दुसऱ्या जातीचा पिठ्या असेल, तर ही माशी तिथे उपयोगाची नाही.