सफारीला जा, पण आधी बंद पाडलेला टर्म विमा सुरू करा

चिंचवडच्या एका वाचकाचे पत्र थोडक्यात: "वय ४४, खासगी नोकरी, पगार हातात ९५ हजार. गृहकर्ज ३८ लाख शिल्लक. पत्नी शिकवण्या घेते, मुलगी बारावीत. ऑगस्ट २०२८ मध्ये तिघांनी केनियाला मसाई मारा बघायला जायचे आहे. एजंटने १० लाख सांगितलेत. आत्ताच पूर्ण भरले तर ५ टक्के सूट. डॉलर वाढतोय, भरून टाकू का? सफारीसाठी बँकेतून एक गॅरंटीड योजना घेतली आहे. वर्षाला २ लाख, दोन हप्ते झाले. तिसऱ्या वर्षी पैसे काढता येतात असे मॅनेजर म्हणाले. हप्त्याला हातभार म्हणून १ कोटीचा जुना टर्म प्लॅन (हप्ता १४ हजार) दीड वर्षापूर्वी बंद केला, त्यातून परत काहीच मिळत नव्हते. शुगर हल्ली थोडी वर असते."

डॉलरचे उत्तर एका ओळीत देतो: भरू नका. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता, आता नव्वदीत आहे. म्हणजे वर्षाला साधारण ५ टक्के वाढ, आणि ती ठेवीच्या व्याजातून बरीचशी भरून निघते. ५० हजारांच्या सवलतीसाठी साडेनऊ लाख दोन वर्षे कोणाच्या तरी चालू खात्यात ठेवायचे? उद्या त्याने दुकान बंद केले तर?

आता तुम्ही न विचारलेले. १४ हजार वाचवण्यासाठी तुम्ही १ कोटीचे संरक्षण सोडले आणि २ लाख भरून बहुधा २० लाखांचे घेतले. बँकेतून घेतलेली ती गॅरंटीड योजना म्हणजे बचतीची विमा पॉलिसीच; अशा योजनांत विमा रक्कम बहुतेक वेळा हप्त्याच्या दहापट असते. कर्ज ३८ लाख आहे. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले तर ते २० लाख बँकेकडे जातील, वर १८ लाखांची देणी पत्नीच्या शिकवण्यांवर येतील. मुलीचे शिक्षण त्यानंतर. "परत काही मिळत नाही" ही तक्रार आपण घराच्या कुलपाबद्दल करत नाही.

सुदैवाने वाट आहे. बंद पडलेली टर्म पॉलिसी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून साधारण पाच वर्षांपर्यंत पुनरुज्जीवित करता येते. थकलेले दोन हप्ते, म्हणजे २८ हजार, अधिक व्याज आणि आरोग्याचे घोषणापत्र. हप्ता जुन्या वयाचाच राहतो. शुगर लपवू नका. कंपनी तपासण्या मागेल, कदाचित हप्ता वाढवेल, वाढवू दे. लपवलेली शुगर दाव्याच्या वेळी बायकोला भोवते. कंपनीने नकारच दिला तर नव्या टर्म प्लॅनसाठी अर्ज करा, महाग पडला तरी. हे काम याच आठवड्यात.

आणि ती गॅरंटीड योजना. दहा वर्षे भरून पंधराव्या वर्षी ३४ लाख, असा तक्ता तुम्ही जोडला आहे. २० चे ३४ ऐकायला छान. हिशेब केला तर परतावा जेमतेम ५ टक्के. पीपीएफमध्ये, तुम्ही आणि पत्नी अशा दोन खात्यांत, ७.१ टक्क्यांनी याच पैशांचे ४२ लाखांच्या आसपास होतात. 'तिसऱ्या वर्षी पैसे काढा' याचा खरा अर्थ असा की हमीने मिळतात ते भरलेल्या रकमेच्या साधारण एक तृतीयांश. विशेष सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मधेच मोडल्यावर कंपनी प्रत्यक्षात देते ती रक्कम, याहून बरे असू शकते, ते कंपनीकडून लेखी मागवा. पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर पॉलिसी तशीच ठेवली, तर किती मिळेल तेही विचारा. दोन्ही आकडे बघून ठरवा, पण तिसरा हप्ता भरू नका. मॅनेजरचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपून ठेवा. आधी कंपनीकडे तक्रार, दाद मिळाली नाही तर विमा लोकपाल. पुण्यात कार्यालय आहे, पैसे लागत नाहीत. दोन वर्षांनी लागणारा पैसा पंधरा वर्षांच्या योजनेत घालायला लावणाऱ्या माणसाला निदान उत्तर तरी द्यायला लावा.

म्हणजे सफारीचे चार लाख आहेत असे धरूच नका. सुटलेल्या हप्त्याचे महिना साडेसोळा हजार, शिकवण्यांतून १२ हजार. अडीच वर्षांत साडेआठ लाख. आवर्ती ठेव पुरे, शेअर बाजार नको.

अडीच वर्षे अशासाठी की मी ऑगस्ट २०२८ ऐवजी फेब्रुवारी २०२९ सुचवतो. मसाई माराचे प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर, जानेवारी ते जून १००. तिघे, तीन दिवस: फरक ९०० डॉलर, म्हणजे निदान ८० हजार. लॉजचे दरही ऑगस्टमध्ये चढे असतात. ऑगस्टमध्ये लोक माराला जातात ते वाइल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप नदी ओलांडताना बघायला. फेब्रुवारीत ते कळप टांझानियात, दक्षिण सेरेंगेटीकडे असतात, हे खरे. पण सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ मारातच असतात. ऑगस्टमध्येही 'नदी ओलांडताना नक्की दिसतील' असे सांगणारा एजंट तुमच्या बँक मॅनेजरचा भाऊ समजा.

कोटेशनमध्ये प्रवेशशुल्क धरले आहे का, लॉज अभयारण्याच्या आत की बाहेर, आणि जीप फक्त तुमची की इतरांबरोबर, हे लेखी घ्या. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर विमानतळावरूनच विलगीकरणात जाल. प्रवास विम्यातही शुगर नोंदवा आणि विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, ते बघा. माराजवळ मोठे रुग्णालय नाही, गंभीर रुग्णाला नैरोबीला न्यावे लागते.