सरकारी शाळा मोफत असताना लोक कर्ज काढून खासगी शाळेत मुलं का घालतात? सगळ्या मुलांना टॅब दिले तर हे थांबेल का?

टॅब देऊन थांबणार नाही. माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे आणि मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. तिथे जे दिसतं त्यावरून लिहितो.

इंग्रजीच्या हौसेपायी पालक शाळा सोडतात असं सगळे म्हणतात. थोडंफार खरं आहे. पण दाखला काढायला आलेल्या आईबापांशी निवांत बोललं की पहिली तक्रार वेगळीच निघते: "गुरुजी वर्गात असतात कधी?" पहिली ते चौथी असे चार वर्ग, खोल्या दोन, शिक्षक दोन. हे नियमाला धरूनच आहे, कारण शिक्षण हक्क कायद्यात 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक आहेत. त्यातला एक मतदारयादीच्या कामाला गेला की उरलेल्या मॅडमपुढे चारही वर्ग एकदम बसतात. पहिलीला पाटीवर अक्षरं गिरवायला दिलेली, तिसरीला धडा मनात वाचायला सांगितलेला, फळ्यावर चौथीचा भागाकार. दुसरीच्या वाट्याला त्या तासात काहीच येत नाही. हे पाहिलेल्या बापाला शाळा फुकट आहे हे सांगून काय उपयोग?

निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकांना दुसरं काम देऊ नये, असं याच कायद्याचं कलम 27 सांगतं. ऑनलाइन माहिती भरणं मात्र कुणी 'दुसरं काम' धरतच नाही. आज किती मुलं जेवली, हजेरी किती, यू-डायस (केंद्र सरकारची शाळांच्या माहितीची ऑनलाइन नोंद), आधार पडताळणी. आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळलं नाही तर ते मूल संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात) धरलं जात नाही, आणि पट कमी दिसला तर शिक्षकाचं पद जातं. त्यामुळे एका 'जाधव' की 'जाधाव'साठी मॅडम भर तासाला मोबाईल घेऊन व्हरांड्याच्या टोकाला उभ्या असतात, कारण रेंज फक्त तिथेच येते. आत वर्ग वाट बघतो. तंत्रज्ञान आमच्या शाळेत असं आलंय, वरच्या कार्यालयाला माहिती पुरवायला.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याचं त्यांचं काम पुढे राज्याच्या पुस्तकांतही आलं. ते एका शिक्षकाने आपल्या वर्गातली मुलं ओळखून केलेलं काम होतं. तोच कोड घरी स्कॅन करायचा तर घरात फोन लागतो, आणि घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो. संध्याकाळी तो येतो तेव्हा दोन-तीन भावंडांत एक.

शिवाय खर्च. 28 दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षाला 12 नाही, 13 रिचार्ज. जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा आमच्या गटातल्या काही पालकांनी डेटाचा पॅक मारणंच सोडलं, फोन फक्त येणाऱ्या कॉलपुरता ठेवला. सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरचा जीएसटी शून्य झाला, ते फार चांगलं झालं. पण मोबाईलवर 18 टक्के तसाच आहे आणि मोठ्या कोचिंग क्लासच्या फीवरही 18 टक्के आहे. अभ्यास वहीतून उचलून स्क्रीनवर नेला की तो गरिबाला महाग पडतो, हे इतकं उघड असताना त्यावर कुणी बोलत नाही याचा मला खरोखर राग येतो.

टॅबच्या वाटपाला स्टेज लागतं, पाहुणे लागतात, फोटो येतो. दोन वर्षांनी बॅटरी गेली की दुरुस्तीसाठी शाळेकडे पैसे नसतात. शिक्षकाच्या पगाराची तरतूद मात्र दरवर्षी करावी लागते, म्हणून ती टाळली जाते. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च करा, असं देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने 1966 मध्ये सांगितलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तोच आकडा आहे. आपण तिथवर अजून पोचलेलो नाही.

खासगीत गेल्याने सुटका होते का? तिथे फीवाढीविरुद्ध शुल्क नियामक समितीकडे जायचं तर 25 टक्के पालकांनी एकत्र यावं लागतं. मुलाला त्रास होईल या भीतीने दहा जणसुद्धा सही करत नाहीत.

आता राजकारण. 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं तिथे प्रशासक होते. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. म्हणजे शाळा ज्यांच्या ताब्यात, तिथे गाऱ्हाणं घेऊन जावं असा निवडून आलेला सदस्यच नव्हता. तरीही लोकांनी लावून धरलं तेव्हा सरकार हललं आहे. सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना गरीब आणि वंचित मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव प्रवेशातून सूट देणारी अधिसूचना फेब्रुवारी 2024 मध्ये निघाली. लोक कोर्टात गेले, आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे शासन निर्णयही जून 2025 मध्ये मागे घ्यावे लागले. तेवढा आवाज रिक्त पदांसाठी उठलेला मी अजून ऐकलेला नाही. 1882 मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाबरोबर चांगल्या पगाराचे प्रशिक्षित शिक्षक मागितले होते. मागणी आजही तीच आहे.

तुमचं मूल सरकारी शाळेत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत जा. तिचे 75 टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला, हे कायद्यात आहे. बऱ्याच ठिकाणी सह्या घरी पाठवून गोळा केल्या जातात. तसं होऊ देऊ नका, बैठकीला स्वतः बसा आणि इतिवृत्त वाचूनच सही करा. आमच्या समितीने गेल्या वेळी टॅबची मागणी बाजूला ठेवली आणि एकच ठराव केला: माहिती भरण्यासाठी आसपासच्या शाळांच्या केंद्रात एक डेटा ऑपरेटर द्या, शिक्षकांना वर्गात राहू द्या. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिली, एक आमदारांना. उत्तर आलेलं नाही. पुढच्या बैठकीत स्मरणपत्राचा विषय पहिला घेतला आहे.