वाचकांचे प्रश्न : हवाना सिगार आणि तिची चव

प्रश्न : माझा पुतण्या गेल्या महिन्यात हवानाहून परतला. त्याने मला रोबुस्तो आकाराची एक सिगार आणून दिली. मी तरुणपणी थोड्याफार सिगारेटी ओढल्या आहेत, सिगार मात्र कधीच नाही. निम्म्यापर्यंत ती कडूजहर लागू लागली, जीभ पोळली आणि शेवटी घेरी येऊन मला आडवे व्हावे लागले. सिगार खराब होती की माझेच काही चुकले? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सिगार किती वेळात संपवली, हे तुम्ही कळवलेले नाही, पण जीभ पोळली, या दोन शब्दांतच निम्मे उत्तर आहे. सिगार बहुधा चांगलीच होती, ती घाईने ओढली गेली. रोबुस्तो म्हणजे १२४ मिलिमीटर लांब आणि जवळजवळ २० मिलिमीटर जाड सिगार. ती पाऊण तास ते तासभर चालायला हवी. सिगारेटची सवय असलेला माणूस भराभर झुरके घेतो आणि धूर छातीत ओढतो. सिगारला या दोन्ही गोष्टी मानवत नाहीत. मिनिटाला एखादा झुरका पुरे, आणि तोही फक्त तोंडापुरता.

यामागचे कारण पानांतच आहे. क्यूबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतात वुएल्ता आबाहो नावाचा पट्टा आहे, आणि नामांकित हवाना सिगारींची बहुतेक उत्तम पाने तिथून येतात. सिगारच्या पोटात एकाच झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची पाने भरलेली असतात. खालच्या पानांमुळे सिगार नीट जळते, मधली पाने सुगंध देतात, आणि शेंड्याकडची पाने, ज्यांना तिकडे लिहेरो म्हणतात, ती जाड, तेलकट आणि कडक असतात. ही लिहेरोची पाने सावकाश जळतात, म्हणून सिगार वळणारा कारागीर ती नेमकी मध्यभागी ठेवतो. तुम्ही घाईने झुरके घेतलेत की निखारा तापतो, सुगंध देणारी द्रव्ये करपतात आणि जिभेवर फक्त कढत कडवटपणा उरतो. पाने महिनोन्महिने ढिगांत मुरवून, त्यांतला अमोनियाचा उग्रपणा काढून कारागिरांनी जे साधलेले असते, ते अशा रीतीने दहा मिनिटांत वाया जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता सुरुवातीपासून पाहू. सिगारच्या बंद टोकाला पानाचीच एक छोटी गोल टोपी चिकटवलेली असते. तिच्यावरून अंगठ्याचे नख हलकेच खाली आणले, की टोपी जिथे संपते ती बारीक कड नखाला लागते. छेद त्या कडेच्या वर, टोकापासून दोनेक मिलिमीटरवर आणि धारदार कटरने एका दाबात घ्यावा. कडेच्या खाली गेल्यास वरचे पान उलगडू लागते आणि त्याचे तुकडे ओठांना चिकटत राहतात. शिलगावण्यापूर्वी एक कोरडा झुरका घेऊन पाहावा. हवा सहज आली पाहिजे, पण पोकळ नळीतून यावी तशी नव्हे.

शिलगावण्यासाठी ब्युटेनचा लायटर किंवा लांब काडी घ्यावी. पेट्रोलच्या लायटरचा वास सिगारमध्ये उतरतो, आणि काडीचे गुलही आधी पूर्ण जळू द्यावे लागते. ज्योत टोकाला न भिडवता किंचित खाली धरावी आणि सिगार बोटांत फिरवत राहावी. कड सगळीकडून सारखी काळवंडली की पहिला झुरका घ्यावा, मग टोकावर हलकी फुंकर मारून पाहावी. निखारा एकाच बाजूला फुललेला दिसला, तर दुसऱ्या बाजूला पुन्हा ज्योत दाखवावी. इथे घालवलेले मिनिटभर पुढचा तासभर उपयोगी पडते, कारण वाकडी पेटलेली सिगार शेवटपर्यंत वाकडीच जळत जाण्याचा धोका असतो.

चव घेताना धूर दोन-तीन सेकंद तोंडात घोळवावा आणि सोडताना त्यातला अगदी थोडा नाकावाटे जाऊ द्यावा. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकाला कळत असतो, हे सर्दीत जेवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. परदेशी वर्णनांतले शब्द पाठ करण्याची मुळीच गरज नाही. तुमच्या जिभेच्या ओळखीचे जे असेल तेच वहीत लिहावे. भाजलेले शेंगदाणे, कोरी कॉफी, जायफळ, मिरी, नवे चामडे, गोठ्यातले सुके गवत, असे काहीही असू शकते. सिगारचे तीन भाग कल्पून प्रत्येक भागाची वेगळी नोंद ठेवल्यास फरक लवकर उमगतो: सुरुवात बहुधा सौम्य असते, मधला भाग सर्वांत भरलेला असतो, आणि शेवटी उष्णता व निकोटीन वाढत जाऊन चव उग्र होते. हा शेवटचा भाग ओढलाच पाहिजे, असे कोणतेही बंधन नाही. राखही सारखी झटकू नये. दीड-दोन सेंटिमीटर साचली की ती रक्षापात्राच्या कडेला टेकवावी, म्हणजे आपोआप गळते. सिगार संपवताना चिरडू नये, नुसती ठेवून दिली की ती विझते आणि खोलीत उग्र वास मागे राहत नाही.

घेरीबद्दल सांगायचे, तर आपल्याकडे ज्याला ‘तंबाखू लागणे’ म्हणतात तोच हा प्रकार. निकोटीन जास्त झाले, आणि पोट रिकामे असल्यास ते अधिकच जाणवते. अशा वेळी सिगार तिथेच ठेवावी, पाणी प्यावे आणि मोकळ्या हवेत बसावे.

प्रश्न : माझे यजमान म्हणतात, सिगारचा धूर छातीत घेतच नाहीत, त्यामुळे अपाय होत नाही. हे खरे आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे त्यातले निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शिरते. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका सिगारने वाढतो, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. बंद खोलीत तोच धूर तुमच्याही वाट्याला येतो. सिगारच्या चवीबद्दल मी आवडीने लिहितो, पण ती निरुपद्रवी आहे असे लिहिणार नाही, आणि जो ओढत नाही त्याने या चवीपायी सुरुवात करावी असेही सुचवणार नाही.

प्रश्न : वरचे पान जितके काळपट, तितकी सिगार कडक, हे बरोबर का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बरोबर नाही. कडकपणा मुख्यतः पोटातल्या लिहेरोच्या प्रमाणावर ठरतो. वरचे काळपट पान पुष्कळदा जास्त मुरवलेले असते, आणि त्यामुळे ते उलट गोडसर लागते.

प्रश्न : रत्नागिरीच्या पावसाळ्यात डब्यातल्या सिगारींवर पांढरे ठिपके आले आहेत. त्या फ्रीजमध्ये ठेवू का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथली हवा कोरडी असते आणि कालवणाचा वास पानांत बसतो. ठिपके केसाळ किंवा हिरवट असल्यास ती बुरशी आहे आणि अशा सिगारी टाकून द्याव्यात. पानांना टाचणीएवढी भोके दिसली, तर तो तंबाखूच्या भुंग्याचा उपद्रव होय. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि सुमारे १८ ते २० अंश तापमान मानवते. तिच्या पेट्यांना वापरतात ते स्पॅनिश सीडर नावाचे लाकूड खरे तर देवदाराचे नसून आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे. तशी पेटी नसल्यास घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात आर्द्रता राखणारी पुडी चालेल. आर्द्रतामापक मात्र तपासून घ्यावा: बाटलीच्या टोपणात चमचाभर मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतकेच पाणी घालावे, टोपण व मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावेत, आणि सकाळी काटा ७५ टक्क्यांवर आहे का पाहावे. तो ८० दाखवत असेल, तर पुढे प्रत्येक वेळी पाच वजा करून वाचावा.